कणांना वेसण: दगड आणि दागिन्यांची सामायिक कार्यशाळा

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्टवर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले. लाव्हा थिजला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांतून झिरपत राहिलं. काही पोकळ्यांत अकीक साकळला, काहींत ॲमेथिस्ट, काहींत झिओलाइट. विहीर खणताना, रस्त्यासाठी डोंगर फोडताना, खडीच्या खाणीत हे दगड आजही निघतात. जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे ही नावं जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहेत. ही ओळख आजची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या नाविक मार्गदर्शिकेत, पैठणहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या अशाच दगडांची नोंद आहे.

असा एखादा गोटा हाती लागला तर तो कापून, घासून, चांदीत बसवायचा कुठे, हा प्रश्न मात्र सुटत नाही. कापायची करवत महाग आणि एका गोट्याला लागते जेमतेम अर्धा तास. घासायच्या यंत्राचा आवाज आणि चिखल फ्लॅटमध्ये कोणी खपवून घेणार नाही. चांदी वितळवायची तर गॅस, ऑक्सिजन, ॲसिड. एकट्याने हे सगळं जमवणं परवडत नाही, आणि जमवलं तरी यंत्रं वर्षातले बहुतेक दिवस कापडाखाली झाकून राहतात. म्हणून सामायिक कार्यशाळा हवी. महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग, गावचं वाचनालय, एखादा बचत गट किंवा निवृत्त तंत्रज्ञांची मंडळी, कोणीही ती उभारू शकतं. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली तेव्हापासून, महागडी यंत्रं एका छपराखाली ठेवून गावाला वापरू देता येतात हे आपल्याकडे सिद्ध झालेलं आहे. सराफकट्ट्याला तर हे कधीपासून माहीत आहे. पट्टा आणि तार ओढून देणारा वेगळा, पॉलिश करून देणारा वेगळा. एकाच रोल मशीनवर गल्लीतल्या अनेक सोनारांचं काम चालतं.

यंत्रं विकत घेणं हा यातला सोपा भाग. पैसे जमले की यंत्रं येतात. अशा कार्यशाळा रखडतात आणि बंद पडतात त्या दुसऱ्याच कारणाने: बारीक कण नको तिथे पोचतात. दगडाची धूळ फुफ्फुसात जाते, जाड वाळूचा एक कण पॉलिशच्या चाकावर जातो, लोखंडाचा अंश ॲसिडच्या भांड्यात जातो, चांदीचा कीस दुसऱ्याच्या डबीत जातो. या कामासाठी खोली आखायची ती कणांच्या वाटा डोळ्यांसमोर ठेवून, यंत्रांच्या मापावरून नव्हे.

आधी दगडाचं पाहू. अकीकाचा मुठीएवढा गोटा बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड दिसतो. तो मोठ्या करवतीच्या पकडीत आवळतात. या करवतीला दात नसतात. पोलादी चकतीच्या कडेवर धातूत रुतवलेले हिऱ्याचे कण असतात. ती दगड घासत घासत त्यात वाट काढते. गोटा पकडीत जरा जरी सैल राहिला, तर कापताना तो फिरतो, पातळ चकती त्यात अडकते आणि वाकते. वाकलेली चकती पुन्हा सरळ होत नाही. म्हणून मोठ्या करवतीवर गोटा आवळण्याचं काम दोन-चार शिकवलेल्या माणसांनीच करावं, बाकीच्यांनी आपले गोटे नाव लिहून टोपलीत ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. चकतीच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा मोठा दगड तिच्यावर चढवायचा नाही, हा नियम भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावा. मोठ्या करवतीत थंडाव्यासाठी बहुधा खनिज तेल वापरतात. काप निघाला की तो साबणाच्या पाण्यात धुवायचा. पिरोज्यासारखे सच्छिद्र दगड मात्र तेलाच्या करवतीवर अजिबात नेऊ नयेत; तेल आत मुरतं आणि रंग बिघडतो. लहान करवत पाण्यावर चालते, आणि तिचं पाणी रोज संध्याकाळी काढून टाकावं लागतं, नाहीतर चकती रात्रभर पाण्यात राहून गंजते.

कापावर ॲल्युमिनियमच्या तारेने आकार आखायचा, कारण पेन्सिलीची रेघ पाण्यात टिकत नाही, ॲल्युमिनियमची टिकते. लहान करवतीने जादा भाग छाटायचा, तुकडा लाखेने काडीच्या टोकावर चिकटवायचा आणि घासायला बसायचं. चाकं क्रमाने लावलेली असतात: ८०, २२०, २८०, ६००, १२००, ३०००. आकडा जितका मोठा तितके चाकावरचे हिऱ्याचे कण बारीक. ८० च्या चाकावरचा कण मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा असतो, शेवटच्या चाकावरचे कण काही मायक्रॉनचे. प्रत्येक चाकाचं काम एकच: आधीच्या चाकाने पाडलेले चरे पुसायचे आणि त्याजागी स्वतःचे अधिक बारीक चरे पाडायचे.

नवखा माणूस इथे घाई करतो. ओला दगड चकचकीत दिसतो, कारण पाणी चऱ्यांमध्ये बसून ते लपवतं. शिकवणाऱ्याने त्याला दर चाकानंतर दगड कोरडा पुसायला लावावा आणि दिव्याखाली तिरका धरून बघायला लावावा. तिरक्या उजेडात ८० चा चरा लगेच दिसतो: बाकीचा पृष्ठभाग एकसारखा मंद आणि त्यातून एकच पांढरी रेघ आरपार. २२० वरून उठायची घाई केलेली असली तर ती रेघ ६०० ला जात नाही, १२०० ला जात नाही आणि शेवटी सीरियम ऑक्साइडने चामड्यावर पॉलिश करताना ऐन मध्यभागी उठून दिसते. मग पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात.

आपल्या दगडावर राहिलेल्या चऱ्याचा त्रास आपल्यालाच होतो, पण पॉलिशच्या चाकावर अडकलेल्या जाड कणाचा त्रास सगळ्यांना होतो. ८० च्या चाकावरून उडालेला कण नखात बसतो, ॲप्रनच्या काठाला चिकटतो, लाखेच्या भेगेत दडतो आणि त्याच हाताने माणूस पुढच्या चाकाकडे जातो. कण बारीक चाकात रुततो. त्यानंतर त्या चाकावर येणाऱ्या प्रत्येकाच्या दगडावर अनाकलनीय चरे उमटतात, आणि कोणामुळे झालं ते कधीच कळत नाही. हेच दोन-तीनदा घडलं की जाणती माणसं यायची बंद होतात. यंत्रं असतात, पण तिथे चांगलं काम होत नाही असं नाव पडतं.

यावर उपाय साधा आहे आणि त्यासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते. दोन यंत्रं असतील तर एक जाड चाकांचं आणि एक बारीक चाकांचं ठेवावं, आणि दोहोंच्या मध्ये मोरी असावी. दगड, काडी, हात, नखं ब्रशने धुतल्याशिवाय पलीकडे जाता येऊ नये. पुसायची फडकी दोन रंगांची. बारीक चाकांवर ताजं पाणी ठिबकत राहावं. खालच्या टोपात साठलेलं पाणी पंपाने पुन्हा वर चढवलं, तर बारीक चाकांवर आपण आपल्या हाताने गाळ ओतत असतो. एकच सहा चाकांचं यंत्र परवडत असेल तर निदान चाकांमधले पडदे काढू देऊ नयेत. जुन्या पद्धतीची सिलिकॉन कार्बाइडची चाकं असतील तर आणखी एक काळजी: काम संपल्यावर पाणी बंद करून चाक थोडा वेळ कोरडं फिरू द्यायचं. पाण्यात उभं राहिलेलं चाक एका बाजूने पाणी पितं, त्याचा तोल जातो, आणि तोल गेलेलं चाक वेगात फुटू शकतं.

कोणता दगड घासायचा आणि कोणता नाही हेही आधी ठरवावं. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या कठीणपणाच्या मापावर अकीक साडेसहा ते सातवर येतो, जॅस्परही त्याच्या आसपास. शिकायला याहून चांगला दगड नाही: कठीण, एकजीव, सहज न फुटणारा. आपल्याकडचे झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीला सापडणारी खनिजं साधारण साडेतीन ते पाचच्या घरात येतात. अपोफिलाइट तर एका दिशेने सपाट पदर सुटावा तसं तुटतं. वाघोलीच्या खाणीतल्या निळ्या कॅव्हन्साइटमुळे पुण्याचं नाव जगभरच्या संग्रहालयांत पोचलं आहे. असे स्फटिक जसे सापडले तसेच जपावेत. कार्यशाळेत ते कापायला, घासायला सक्त मनाई असावी. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात जाऊन आलेल्या कोणालाही याचं कारण वेगळं सांगावं लागणार नाही. तंतुमय ॲस्बेस्टॉसची शंका असलेला दगड आणि पाऱ्याचं खनिज असलेला हिंगूळ हेही दाराबाहेरच ठेवावेत.

आता धुळीचं. अकीक, स्फटिक (क्वार्ट्झ), जॅस्पर, सगळं सिलिका. कोरडं घासलं की त्याची इतकी बारीक धूळ उडते की ती डोळ्यांना दिसतही नाही. काही मायक्रॉनचे हे कण नाकात अडकत नाहीत, फुफ्फुसाच्या टोकाशी जाऊन बसतात. शरीर त्यांना बाहेर काढू शकत नाही. त्यांच्याभोवती व्रण धरतात आणि श्वास कमी कमी होत जातो. हा सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. स्फटिकरूप सिलिकाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असंही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने म्हटलं आहे. अमेरिकेने २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी कामाच्या जागेच्या हवेत अशा धुळीची सरासरी मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरवली. म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग.

हे पुस्तकी भय नाही, हे गुजरातमधल्या खंभातला गेलं की कळतं. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरजवळचा अकीक, भट्टीत तापवून त्याला आणलेला लाल रंग, लोखंडी टोकावर टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याला दिलेला आकार: ही कला हडप्पाकाळाशी नातं सांगते आणि पुरातत्त्वज्ञांनी ती खंभातच्या कारागिरांकडून शिकून घेतली. त्याच गावातल्या घराघरांत, कोरड्या चाकांवर मणी घासणाऱ्यांना आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना सिलिकोसिसने गाठलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथे पाहणी केली, धूळ खेचून घेणारी यंत्रणा सुचवली. हजारो वर्षांचं कसब असलेल्या माणसांना जी धूळ ओळखता आली नाही, ती शनिवार-रविवारी छंद म्हणून येणाऱ्याला ओळखता येईल, या भरवशावर राहू नये. म्हणून कोरडं घासणं पूर्ण बंद. छोट्या हातड्रिलने छिद्र पाडायचं तरी दगड पाण्याच्या थाळीत बुडवूनच. आणि झाडू नको. दगडाच्या खोलीत झाडू मारणं म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत उधळणं. फरशी ओल्या फडक्याने पुसायची, ॲप्रन घरी न्यायचा नाही, तो तिथेच धुवायचा. मास्क हा शेवटचा आधार. पाणी हा पहिला.

पाणी आणि विजेच्या मोटरी एकाच खोलीत असल्यामुळे अर्थिंग तपासून घ्यावं आणि ३० मिलिॲम्पिअर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवावा. यात काटकसर नको.

दागिन्यांची खोली वेगळी, कोरडी, खेळत्या हवेची. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. म्हणून तळघरात ही खोली कधीही करू नये, आणि हवेची झडप छताशी असून भागत नाही, जमिनीशीही हवी. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर इथे चालत नाही, व्यावसायिक १९ किलोचं घ्यावं लागतं. ऑक्सिजनचं सिलिंडर साखळीने भिंतीला बांधावं आणि त्याच्या झडपेला तेल-ग्रीसचा हातही लागू देऊ नये.

डाक लावण्याच्या कामात एक नियम सगळ्यांच्या जिवाशी जोडलेला आहे. सोन्याच्या कामात पूर्वी कॅडमियमचं डाक सर्रास चालायचं; ‘केडीएम’ ही पाटी अजून काही दुकानांवर दिसते. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतो आणि ७६७ अंशांना उकळतो, म्हणजे बत्तीच्या आचेत त्याची वाफ होते. ती वाफ फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं खाते. एकाने लावलेल्या डाकाचा धूर शेजारी बसलेला दुसरा श्वासातून घेतो. म्हणून आपल्या घरचं जुनं डाक कोणीही आणू नये. कॅडमियम नसल्याची खात्री असलेलं डाक कार्यशाळेनेच विकत घ्यावं, तेवढंच वापरू द्यावं.

दगड आणि आग यांची गाठ कधी घालायची नाही, हेही इथेच शिकवावं. चांदीचं डाक वितळायला साधारण साडेसहाशे ते साडेसातशे अंश लागतात. स्फटिकाची अंतर्गत रचना ५७३ अंशांना बदलते आणि त्या बदलात तो तडकू शकतो. ॲमेथिस्टचा जांभळा रंग त्याच्याही आधी उतरू लागतो. म्हणून अंगठी आधी पूर्ण जोडायची, ॲसिडातून काढायची, घासायची, आणि कोंदणात दगड अगदी शेवटी बसवायचा.

ॲसिडच्या भांड्याची गोष्ट पॉलिशच्या चाकासारखीच आहे. डाक लावल्यावर चांदी काळवंडते, टाकणखाराची काच धरते; ते घालवायला ती सौम्य ॲसिडात गरम करतात. चांदीतल्या तांब्याचा काही भाग त्यात विरघळत जातो आणि हळूहळू द्रव निळसर होतो. कोणी घाईत लोखंडी चिमटा त्यात बुडवला की त्या क्षणी भांड्यात असलेल्या सगळ्यांच्या दागिन्यांवर तांब्याची गुलाबी साय चढते. तांब्याचा किंवा लाकडाचा चिमटा साखळीने भांड्यालाच बांधून ठेवावा, लोखंडी चिमटे त्या टेबलावर फिरकूच देऊ नयेत. गंधकाम्लाऐवजी तुरटी किंवा लिंबूसत्त्वाचं गरम पाणी वापरलं तरी काम होतं. वेळ जास्त लागतो, धोका पुष्कळ कमी. ज्या जागेत नवखे लोक रोज येणार, तिथे मी लिंबूसत्त्वच ठेवीन.

रोल मशीनवर लोखंड किंवा पोलादाची तार घालायची नाही, ओला पट्टा घालायचा नाही. एक ओरखडा रुळावर उमटला की तो पुढच्या प्रत्येक पट्ट्यावर छापला जातो. बफिंगच्या मोटरीवर साखळी हाताने धरून पॉलिश करायची नाही. ती चाकात गुंतते आणि बोटं ओढून नेते. मोकळे केस, ओढणी, हातमोजे, काहीही नको. या खोलीतलं सगळ्यांत निरुपद्रवी दिसणारं आणि सगळ्यांत जास्त इजा करणारं यंत्र बफ हेच आहे.

चांदी-सोन्याच्या किसाचा हिशेब पहिल्याच दिवशी ठरवावा. सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेत, धुऊन, आटवून त्यातून सोनं काढत. म्हणजे केरालाही किंमत आहे, हे आपल्याकडे पूर्वीपासून माहीत आहे. प्रत्येकाच्या टेबलाखाली स्वतःची चामड्याची झोळी किंवा ट्रे असावा, त्यातलं त्याचं. फरशीवर पडलेलं, बफच्या पेटीत साचलेलं कार्यशाळेचं. वर्षातून एकदा ते शुद्ध करून घ्यावं आणि येणारे पैसे डाकासाठी वापरावेत. हे लिहून ठेवलं नाही तर चांगल्या माणसांतही कटुता येते.

यंत्रं वाटून घेण्याची पद्धत जुनीच आहे. जर्मनीत इडार-ओबरस्टाइन भागात शतकानुशतकं अकीक घासला गेला तो ओढ्यांवरच्या पाणचक्क्यांत. एका पाणचाकावर लाल वालुकाश्माची अनेक मोठी चाकं फिरत. कारागीर खास बाकावर पालथे झोपून, पाय मागच्या फळीला रेटून दगड चाकावर दाबत. चक्कीच्या मालकीत अनेकांचे हिस्से असत, आणि पाणी कमी झालं की सगळ्यांचंच काम थांबे. टीफेनश्टाइनची अशी एक जुनी चक्की आज संग्रहालय म्हणून चालू आहे. पैशाच्या बाबतीत मला हिस्स्यांच्या या पद्धतीला एक नियम जोडावासा वाटतो: जो जेवढी झीज करतो तेवढा वाटा त्याने उचलायचा. अमेरिकेतल्या अनेक खनिजप्रेमी मंडळांत करवतीचं शुल्क तासावर नसतं, कापलेल्या पृष्ठभागाच्या चौरस इंचांवर असतं. हे न्याय्य आहे. चकती झिजते ती दगड किती कापला त्यावर. माणूस किती वेळ बसला यावर नव्हे. घासण्याच्या यंत्राला मात्र तासाचं शुल्क ठीक, कारण तिथे जागा अडते.

गाळाकडेही लक्ष हवं. चाकांखालचं पाणी सरळ गटारात सोडलं तर तो गाळ नळीत सिमेंटसारखा घट्ट बसतो. दोन पिंपं ठेवावीत: पहिल्यात रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी दुसऱ्यात ओतायचं, तळाचा गाळ ओला असतानाच पिशवीत भरून बांधायचा. वाळू दिला तर त्याची पुन्हा धूळ होते. सगळी यंत्रं उघडून, धुऊन, तपासून घेण्यासाठी खंडेनवमीच्या आधीचा आठवडा राखून ठेवावा. पूजेच्या दिवशी हत्यारं स्वच्छ असावीत ही कल्पना आपल्याकडे आयतीच आहे.

पैसे थोडे असतील तर खरेदीचा क्रम असा ठेवावा. आधी पाणी, निचरा, अर्थिंग आणि खेळती हवा. मग सहा इंची लहान करवत आणि एक घासण्याचं यंत्र. मग दागिन्यांची दोन टेबलं, एक बत्ती, लिंबूसत्त्वाचं भांडं. रोल मशीन जुनं मिळालं तरी चालतं, रूळ तपासून घ्यावेत. मोठी करवत सगळ्यांत शेवटी, वीस-पंचवीस माणसं नियमित यायला लागल्यावर. तोवर गोटे मजुरीवर कापून आणता येतात. आणि पहिले काही महिने सगळ्यांनी फक्त अकीकावर काम करावं.